वहिनीचं डोकं दुखतंय आणि सगळे म्हणतात 'होतं असं'. सहा आठवडे थांबायचं का?

धाकटी_नणंद

नमस्कार. वहिनीसाठी विचारतेय. तिचं हे पहिलंच बाळंतपण. नॉर्मल झालं, टाके पडले, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं आणि आता दुसरा आठवडा चालू आहे. बाळ छान आहे. त्याचं दूध, शी-शू, वजन, लसीची तारीख, सगळं दादा वहीत लिहून ठेवतो. वहिनीला कसं वाटतंय हे मात्र घरात कुणी विचारत नाही, आणि ती स्वतःहून बोलणाऱ्यातली नाही.

काल रात्री बाळाला तिच्याकडून घ्यायला गेले तर ती कपाळ भिंतीला टेकवून बसली होती. परवापासून डोकं दुखतंय म्हणाली. गोळी घेतली की तासभर बरं, मग परत सुरू. झोप नाही म्हणून असेल, असं तीच म्हणाली. आईचं आणि दादाचंही तेच मत. झोप नाहीच आहे, ते खरंच आहे. पण मी खोदून खोदून विचारल्यावर एकेक बाहेर आलं. लघवीला टाक्यांवर झोंबतं म्हणून ती पाणीच कमी पिते. अंगावरून जाणं फिकट झालं होतं, पण कपड्यांची बादली उचलून गच्चीवर नेली आणि तेव्हापासून परत लाल दिसतंय. बाळ प्यायला लागलं की पोटात कळ येते. संध्याकाळ झाली की रडू येतं, का ते तिला सांगता येत नाही. पायांवर सूज आहे, ती गरोदरपणातही होती.

तपासणीला सहा आठवड्यांनी बोलावलंय. तोवर थांबायचं का? यातलं काय चालण्यासारखं आणि काय नाही, हे कुणी नीट समजावून सांगेल का?


रातपाळी

पोरी, मी बाळंतिणींच्या वॉर्डात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. बाकीच्या प्रश्नांकडे नंतर येते. आधी वहिनीचं बीपी मोजून घे. उद्या नाही, हे वाचून झाल्याबरोबर. घरात मशीन नसेल तर जवळच्या दवाखान्यात ने. पाच मिनिटं शांत बसू दे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. मोजताना बोलायचं नाही, बाळाला पाजायचंही नाही.

बाळंतपणानंतर गोळीला दाद न देणारी डोकेदुखी म्हटलं की आम्ही आधी बीपीचं मशीन आणायचो, बाकी बोलणं नंतर. गरोदरपणात बीपी एकदाही वाढलं नाही म्हणून आता वाढणार नाही असं नसतं. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणाशी जोडलेला बीपी वाढण्याचा आजार, बाळंतपणानंतरही सुरू होऊ शकतो. बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांत, पण सहा आठवड्यांपर्यंत त्याची धास्ती असते. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90, यातला एक जरी गाठला तरी आजच डॉक्टरांना फोन कर. 160 किंवा 110 गाठला तर फोनवर वेळ घालवू नका, सरळ रुग्णालय. आणि आकडा काहीही असो, डोळ्यांपुढे काजवे, अंधुक दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, धाप, झटका, यातलं काही झालं तरी सरळ रुग्णालय.

दारात शिरताना पहिलं वाक्य हे बोलायचं: 'हिला बाळंत होऊन दुसरा आठवडा आहे.' बाळ घरी ठेवून आलेली बाई बघणाऱ्याला डोकेदुखीची साधी पेशंट वाटते, आणि त्यात वेळ जातो.

अजून एक. बाळंतपणात पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली होती का? त्या सुईनंतरही डोकं दुखू शकतं, पण ते उठून बसलं की वाढतं आणि आडवं झालं की उतरतं. तसं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांग. तरीही बीपी आधी.


तीन_लेकरांची_आई

मी तीन बाळंतपणं काढलीत. डोकं दुखणं, रडू येणं, पोटात कळा, सगळं आलं आणि गेलं. पहिलटकरणीला असे आकडे सांगितले की ती धसका घेते. तिला झोपू द्या, बाळ तुम्ही सांभाळा, बादल्या उचलायला लावू नका. निम्म्या तक्रारी तिथेच संपतील.


रातपाळी

झोप आणि बादलीचं शंभर टक्के पटलं. बहुतेक जणींचं बहुतेक दुखणं आपोआप जातं, हेही खरं. पण वाढलेलं बीपी नुसत्या झोपेने उतरत नाही, आणि बाहेरून ते दिसतही नाही. मोजायला दोन मिनिटं लागतात. आकडा चांगला निघाला तर धसक्याचं कारणच उरणार नाही.


धाकटी_नणंद

मावशी, तुमचं उत्तर वाचलं आणि शेजारून मशीन आणलं. 154/98. थोड्या वेळाने परत मोजलं तर 156/100. पाठीत भूल दिली नव्हती. डॉक्टरांना फोन केला, ते लगेच या म्हणाले. लघवीत प्रथिनं निघाली. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट आणि यकृत ठीक आलं. पण डोकेदुखी थांबत नव्हती म्हणून दाखल करून घेतलं, झटके येऊ नयेत यासाठी चोवीस तास शिरेतून मॅग्नेशियम दिलं आणि बीपीच्या गोळ्या सुरू केल्या. औषध चढायला लागलं तेव्हा वहिनीचं अंग एकदम गरम झालं, चेहरा लाल झाला. नर्स ठरावीक वेळाने गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाय उडतो का बघत होत्या, लघवी मोजत होत्या, श्वास मोजत होत्या. बाळ सोबतच होतं. दूध चालू ठेवा म्हणाले.

आज घरी आलोय. डोकं उतरलंय. दादा आता तिचं बीपी सकाळ-संध्याकाळ मोजतो आणि पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी भरून ठेवतो. मावशी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. आता बाकीचंही सांगा ना. लाल दिसणं, कळ, टाके, रडू. आणि तिच्याकडून काढून कसं घ्यायचं तेही सांगा, कारण डोकं दुखतंय हेसुद्धा ती सांगणार नव्हती.


रातपाळी

तुझा आकडा वाचून पोटात गोळा आला होता. घरी आलात, फार बरं झालं. आता निवांत सांगते.

आधी तुझा मूळ प्रश्न. सहा आठवडे थांबायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या सूचनांत बाळंतिणीला किमान चारदा तपासायला सांगितलंय: पहिल्या चोवीस तासांत, मग 48 ते 72 तासांत, मग 7 ते 14 दिवसांत, आणि मग सहाव्या आठवड्यात. म्हणजे सहा आठवड्यांची तपासणी ही त्यातली शेवटची. बाईच्या जिवावर बेतणाऱ्या गोष्टी, म्हणजे रक्तस्राव, जंतुसंसर्ग, बीपी, पायात रक्ताची गाठ, या बहुतेक करून त्याच्या आधीच येतात. दुसऱ्या आठवड्यात कुणी बोलावलं नसेल तर आपण होऊन जायचं.

लाल दिसण्याचं असं आहे. वार सुटते तिथे गर्भपिशवीच्या आत तळहाताएवढी जखम राहते आणि ती भरेपर्यंत अंगावरून जात राहतं. तीन-चार दिवस लाल, मग दहाएक दिवसांपर्यंत गुलाबी-तपकिरी, मग पिवळसर-पांढरं, आणि चार ते सहा आठवड्यांत बंद. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्या जखमेची खपली सुटते, तेव्हा थोडा वेळ परत लाल दिसू शकतं. ओझं उचलून जिने चढल्यावरही दिसतं. तो शरीराचा निरोप असतो की काम जास्त झालं. आडवं पडलं की ते पुन्हा फिकं पडायला हवं. मी वॉर्डात पॅड हातात घेऊन बघायचे. तोंडाने 'थोडंसंच जातंय' म्हणणाऱ्या बाईचं पॅड कधी कधी हाताला जड लागायचं. तासात एक पॅड गच्च भिजलं आणि पुढच्या तासालाही तेच झालं, अंड्याएवढी किंवा मोठी गाठ पडली, घाण वास आला, किंवा 38 अंश सेल्सियसला, म्हणजे 100.4 फॅरनहाइटला ताप पोचला, तर रात्र असली तरी निघायचं. वहिनीचं फिकं पडलं का ते सांग.

पाजताना येणाऱ्या कळेची काळजी करू नकोस. बाळ ओढतं तेव्हा ऑक्सिटोसिन नावाचं हॉर्मोन स्रवतं आणि त्याने पिशवी आकसते. बाळंतपण झाल्या झाल्या पिशवी बेंबीच्या आसपास लागते, जवळजवळ एक किलो वजनाची. रोज साधारण बोटभर खाली उतरते आणि दोन आठवड्यांत ओटीपोटाच्या हाडामागे जाते. पहिल्या दिवशी बेंबीखाली तळवा ठेवला की हाताला कडक गोळा लागायला हवा. तो मऊ लागला की माझा प्रश्न ठरलेला: लघवीला कधी गेली होतीस? मूत्राशय भरलेलं असलं की ते पिशवीला बाजूला ढकलतं, नीट आकसू देत नाही, आणि रक्त जास्त जातं. पहिल्या एक-दोन दिवसांत हे फार जपावं लागतं, पण लघवी दाबून ठेवायची सवय नंतरही बरी नाही.

तिने पाणी कमी करणं उलट अंगाशी येतं. लघवी जितकी दाट तितकी जास्त झोंबते. भरपूर पाणी पिऊ दे, आणि लघवी करतानाच कोमट पाण्याची धार टाक्यांवर सोडू दे, एवढ्याने निम्मं झोंबणं जातं. मग स्वच्छ कपड्याने टिपायचं, पुढून मागे, घासायचं नाही. पॅड तीन-चार तासांनी बदलायचं, भिजलेलं नसलं तरी. शौचाला जोर करायला ती घाबरत असेल, बहुतेक सगळ्या घाबरतात. डॉक्टरांकडून शौच मऊ होण्याचं औषध घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. टाके आपोआप विरघळणारे असतील तर काही आठवड्यांत जातील. एकच खूण धरून चाल: टाक्यांचं दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. वाढायला लागलं, टाके उसवल्यासारखे दिसले, पू आला, तर दाखवायचं. आणि जळजळ टाक्यांवर नसून आत असेल, सारखी लघवीला लागत असेल, तर लघवी तपासून घ्या.

दोन्ही पायांवर सारखी सूज असेल तर ती आठवडाभरात, फार तर दोन आठवड्यांत ओसरते. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर ती रक्ताची गाठ समजून त्याच दिवशी दाखवायचं, आणि पोटरी चोळायची नाही. छातीत एका जागी दुखरी गाठ आणि लाली आली तर पाजणं थांबवायचं नाही. चोवीस तासांत उतरलं नाही किंवा ताप आला तर डॉक्टर.

आता तिच्याकडून काढून घेण्याचं. 'बरी आहेस ना?' असं विचारूच नकोस. त्याला 'हो' हे एकच उत्तर येतं. मी पलंगाशी बसून असं विचारायचे: सकाळपासून किती पॅड बदललीस? लघवीला शेवटची कधी गेलीस? काल सलग किती वेळ झोपलीस? कुठल्या कुशीवर बरं वाटतं? बाईला कण्हायला संकोच वाटतो, हिशोब द्यायला वाटत नाही. आणि हे विचारताना बाळ दुसऱ्याच्या मांडीवर असू दे. नाहीतर तीन प्रश्नांनंतर दोघींचं लक्ष बाळाकडेच जातं, मी हे रोज बघितलंय.


दोन_लेकी

रडण्याबद्दल मी लिहिते, कारण त्यातून गेलेय. वार पडली की इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही हॉर्मोन्स एकदम खाली येतात आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बहुतेक जणींना उगाच भरून येतं. मोठीच्या वेळी मला तेच झालं, दुसरा आठवडा संपता संपता आभाळ मोकळं झालं. धाकटीच्या वेळी झालं नाही. मी रडत नव्हते, उलट काहीच वाटत नव्हतं. तिला आंघोळ घालताना ती हातातून निसटतेय असं चित्र डोळ्यांपुढे यायचं आणि मी टॉवेल मुठीत आवळून उभी राहायचे. ती गाढ झोपलेली असतानाही मला झोप यायची नाही. सगळे म्हणत होते, दोन पोरी, दमणारच.

बाळंतपणानंतरचं नैराश्य दहातल्या एकीला तरी होतं. त्यासाठी दहा प्रश्नांची एक चाचणी आहे, एडिनबर्ग स्केल, 1987 ची. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं ते विचारते, पाच मिनिटांत भरून होते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याला 'कधीच नाही' सोडून दुसरं उत्तर आलं तर बाकीची बेरीज न करता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. माझी ती चाचणी एका डॉक्टरीणबाईंनी समोर बसून भरून घेतली आणि सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं. अंगावर पाजत असतानाही ते घेता येतं हे कळल्यावर मी हो म्हटलं. हळूहळू, काही आठवड्यांत, लेकीचा वास आवडायला लागला.

दोन आठवडे उलटून वहिनीचं रडणं तसंच राहिलं, किंवा बाळ झोपलं तरी तिला झोप लागेना, तर थांबू नका. आणि ती झोप न घेताही तरतरीत दिसायला लागली, भलतेच संशय घ्यायला लागली, कुणी नसताना आवाज ऐकू येतात म्हणाली, तर ती तातडीची वेळ. हजारात एक-दोघींनाच होतं, पण तेव्हा बाईला आणि बाळाला एकटं सोडायचं नसतं, रुग्णालयात न्यायचं.


फिजिओ_संध्याकाळची

बादलीचा उल्लेख वाचून राहवलं नाही. ताई, पहिले काही आठवडे वहिनीने बाळापेक्षा जड काही उचलू नये. पलंगावरून उठताना सरळ उठून न बसता आधी कुशीवर वळून हातांच्या आधाराने उठायला सांगा. पोटाचे दोन उभे स्नायू गरोदरपणात मधून फाकतात, त्यांना सांधायला वेळ लागतो.

खोकताना, शिंकताना थेंब निसटत असतील तर तेही विचारा, बायका हे कुणालाच सांगत नाहीत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले गेलेले असतात. आर्नोल्ड केगेल नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञाने 1948 मध्ये त्यांच्या व्यायामावर लिहिलं, ते आजही पहिला उपाय आहेत. वारा रोखून धरावा तसं आत आणि वर ओढायचं, काही सेकंद धरायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. सोडणं धरण्याइतकंच महत्त्वाचं. श्वास कोंडायचा नाही, पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत, आणि लघवी करता करता मधेच अडवून हा व्यायाम करायचा नाही. टाक्यांचं दुखणं सोसवेल तेव्हापासून आडव्यानेच हळूहळू सुरू करता येतो, बीपीच्या डॉक्टरांना एकदा विचारून. तीन महिन्यांनंतरही थेंब निसटत असतील तर फिजिओथेरपिस्टकडे या. 'आता जन्मभर असंच' हे मुळीच खरं नाही.


धाकटी_नणंद

लाल कमी झालंय, आज गुलाबीच होतं. पाण्याची धार लागू पडली. पॅडचा प्रश्न विचारला तर तिने खरंच मोजून सांगितलं, आणि मग आपणहून म्हणाली की शिंकताना होतं. दोन_लेकी, तुमचं लिहिलेलं दादाला वाचायला दिलंय. चाचणी पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी बसून भरू.

मावशी, शेवटचं एक. बीपी आता 130 च्या आत येतंय. वहिनी म्हणते गोळ्या बंद करूया, दुधातून बाळाला जातील.


रातपाळी

बंद नाही करायच्या. आकडा गोळीमुळे खाली आलाय. कमी कधी आणि कशा करायच्या ते डॉक्टर ठरवतील, तुमच्या रोजच्या नोंदी बघून. बहुतेक जणींचं बीपी बारा आठवड्यांच्या आत जाग्यावर येतं. दुधाची भीती वाटत असेल तर डॉक्टरांना औषधाचं नाव घेऊन स्पष्ट विचारा. पाजणाऱ्या आईला चालतील अशाच गोळ्या त्यांनी निवडलेल्या असतात, पण वहिनीने ते त्यांच्या तोंडून ऐकलं तर ती मनापासून घेईल.

सहाव्या आठवड्याला गर्भनिरोधनाचं विचारून घ्या, पाळी आली नसली तरी. पाळी येण्याआधीही दिवस राहू शकतात. तिला बीपी झालंय हे तिथे सांगायचं, कारण इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या तिला चालणार नाहीत असं डॉक्टर म्हणू शकतात. दोन बाळंतपणांमध्ये शरीराला सवड हवी, निदान दोन वर्षांनी पुढचे दिवस राहावेत असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पुढच्या वेळी बीपी परत वाढण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, ते टाळायला बाराव्या आठवड्यानंतर कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात. म्हणून दिवस राहिल्याचं कळल्याबरोबर पहिल्याच तपासणीत हे सांगायचं. मूल हवं असो वा नसो, वर्षातून एकदा बीपी मोजायचं, कारण अशा बायकांना पुढे बीपीचा आणि हृदयाचा त्रास होण्याचा धोका जास्त असतो.

डिस्चार्जच्या कागदावर 'प्रसूतिपश्चात प्रीएक्लॅम्प्सिया' असं निदान लिहिलंय का ते बघ. नसेल तर लिहून घ्या आणि त्याचा फोटो तिघांच्याही फोनमध्ये ठेवा.